दुसरा कोट

त्या रविवारबद्दल आमच्या घरात प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आहे. आत्याआजी म्हणते, सगळी चूक आजोबांची. मामा म्हणतो, चूक कुणाचीच नव्हती, दोघांपैकी एकाने वेळेवर तोंड उघडलं असतं तर जेवण तरी गरम मिळालं असतं. आई म्हणते, "मला नको विचारूस बाई, मला सातवा महिना होता आणि मी नुसती रडत होते." म्हणजे मीही तिथे होतेच की, तिच्या पोटात. पण साक्ष द्यायला माझ्याकडे काही नाही. तेव्हा इतकी वर्षं या सगळ्यांचं ऐकून ऐकून माझ्या डोक्यात जो रविवार तयार झालाय, तोच सांगते. कुणाला पटला नाही तर त्याने खुशाल आपला वेगळा सांगावा.

आजोबांना रिटायर होऊन बावीस दिवस झाले होते. त्याआधी अडतीस वर्षं ते हवामान केंद्रात निरीक्षक. काम काय, तर ठरल्या वेळी अंगणात जायचं, पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचायचा, पावसाचं भांडं बघायचं, आणि मग मान वर करून आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे. त्यातले किती भाग ढगांनी झाकलेत तो आकडा लिहायचा. शून्य म्हणजे निरभ्र. आठ म्हणजे सगळं भरून आलेलं. आणि आठाच्या पुढे एक नऊ होता. तो ढगांचा नव्हे, धुक्याचा. धुकं इतकं दाट की वर आकाश आहे की नाही हेच सांगता येत नाही, तेव्हा नऊ लिहायचं. असे नऊ आजोबांनी साऱ्या नोकरीत वीस-पंचवीस वेळा लिहिले असतील.

ही मोजणी ते घरी घेऊन आले होते. आमच्या घरात "कशी आहेस?" असं कुणी विचारत नाही. जेवायला बसलं की आजोबा एकेकाकडे बघून म्हणायचे, "तुझे किती?" आणि आपण आकडा सांगायचा. आई दातांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या परीक्षेत आपटली त्या दिवशी ती "आठ" म्हणाली होती. आजोबांनी एक शब्द विचारला नाही. आपल्या ताटातला भाजलेला बटाटा उचलून तिच्या ताटात ठेवला. त्यांचं प्रेम असं बटाट्याएवढं असायचं, पण नेमकं ताटात पडायचं.

घर वर आणि खाली आजीचं शिलाईचं दुकान, मध्ये अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या रविवारी सकाळी दुकान बंद होतं, तरी आजी खालीच होती. पडद्यातून येणारं ऊन कापडाच्या गठ्ठ्यांवरून हळूहळू सरकत होतं, कात्रीपर्यंत पोचलं की आजी ओळखायची दहा वाजले. मशीनच्या फळीवर राखाडी रंगाचा जाड लोकरी कोट पडला होता. त्याच्या शेजारी, त्याच ताग्यातला, दुसरा. थोडा आखूड, कंबरेत थोडा घेतलेला.

तर या कोटाची गोष्ट अशी. आजीच्या दुकानाचा एक नियम होता, पावतीशिवाय सुईत दोरा जायचा नाही. गिऱ्हाइकाने काय हवंय, कसं हवंय, कधी हवंय ते पावतीपुस्तकात स्वतःच्या हाताने लिहायचं, म्हणजे मागाहून "मी असं म्हटलंच नव्हतं" ही भानगड नको. घरच्यांनाही सूट नाही. मामाने सहाव्या वर्षी लिहिलेली पावती आजीने जपून ठेवलीय, "अर्धी चड्डी, दोन, पडल्यावर फाटणार नाहीत अशा." तर आजोबांनी रिटायर झाल्यावरच्या तिसऱ्या सोमवारी, दुकानात दोन बायका बसलेल्या असताना, आपला नंबर येईपर्यंत उभं राहून पावती लिहिली. "जाड लोकरी कोट, एक. आतून अस्तर. कॉलर कानापर्यंत. सोमवारपर्यंत." खाली सही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पावतीवर सही!

"अहो, इथल्या उन्हात कोट?" आजीने विचारलं.

"लागेल," एवढं बोलून आजोबा जिना चढून गेले.

दुसरी कुणी असती तर मागे जाऊन विचारलं असतं. आजी नाही गेली. कारण तिला उत्तर माहीत आहे असं वाटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "एकदा मला अशा गावी न्या, जिथे बोलताना तोंडातून वाफ येते." आणि आजोबा म्हणाले होते, "रिटायर झाल्यावर." पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी होती ती, रिटायर म्हणजे तिला चंद्रावर जाण्याइतकं लांब वाटलं होतं. पण आजोबा दिलेल्या वेळेला कधी चुकले नव्हते. विचारलं असतं तर त्यांची गंमत गेली असती. म्हणून तिने दुपारी दुकानात कुणी नसताना आरशापुढे उभं राहून कित्येक वर्षांनी स्वतःचंच माप घेतलं, कंबरेचा आकडा बघून "अगं बाई" म्हणाली, आणि त्याच ताग्यातून दुसरा कोट बेतला. रात्री झोपताना ती हळूच हाऽ करून बघायची. वाफ यायची नाही, पण हसू यायचं. मला हे सांगताना ऐंशीच्या घरातली आजी लाजली होती.

तिकडे वर स्वयंपाकघरात अकरा वाजता आत्याआजी दाखल झाली. आजोबांची थोरली बहीण, रिटायर्ड मुख्याध्यापिका. ती घरात शिरली की खुर्च्यासुद्धा सरळ रांगेत उभ्या राहतात असं मामा म्हणायचा. तिने पिशवीतून रंगीत पेन्सिलींनी आखलेला एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला.

"काय आहे हे?" मटार सोलता सोलता आईने विचारलं.

"तुझ्या बापाचं औषध. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते साफ खोटं. औषध आहे. वेळापत्रक! सोमवारी फिरण्याचा गट. मंगळवारी गाण्याचा वर्ग. बुधवारी..."

"बाबा आणि गाणं?" मामा म्हणाला. तो बस चालवायचा, रविवारची सुट्टी क्वचित मिळायची, म्हणून खिडकीत बसून आरामात पाय हलवत होता. "आत्या, त्यांच्याकडे अडतीस वर्षं वेळापत्रकच होतं की."

"ते हवेचं होतं. हे माणसांचं आहे. एकलकोंडा माणूस रिटायर झाला की भिंतीत जातो, लिहून ठेव. मी बघ, पहिल्या दिवसापासून कशी मजेत! तीन मंडळांची अध्यक्ष."

"आत्या, पण दुपारचं काही ठेवू नकोस हं," आई म्हणाली. "दुपारी बाबा माझ्या दवाखान्यात बसणार आहेत. त्यांच्यासारखा वेळेचा पक्का माणूस मला मिळणार नाही. आणि मग बाळ झालं की..."

"म्हणजे झालंच! बाळ सांभाळायला ठेवतेस का त्याला?"

"सांभाळायला कशाला? आजोबा आहेत ते. त्यांना आवडेल."

"त्यांना विचारलंस?"

आईने शेंग मोडली आणि मान खाली घातली. मग मामाकडे वळली. "तू का गप्प? तुझं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं? त्यांचं त्यांना ठरवू द्या," मामा म्हणाला. पाय हलायचा थांबला होता. आईला तेव्हाच कळायला हवं होतं. हा मुलगा गप्प बसला की काहीतरी लपवतोय, हे तिला तो चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

आत्याआजीची खरी गोष्ट तिने त्या दिवशी दुपारी सांगितली, पण ती इथेच सांगून टाकते. तिचं ते "पहिल्या दिवसापासून मजेत" शुद्ध थाप होती. शाळा सुटली आणि तिच्या बोलक्या स्वभावाला ऐकायला कुणी उरलं नाही. पहिलं सबंध वर्ष ती सकाळी दहा वाजता साडी नेसून, पर्स घेऊन आपल्या इमारतीच्या जिन्यात येऊन उभी राहायची. एकदा वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड हलवणारी माणसं कपाटं घेऊन उतरत होती, तर ही एकदम ओरडली, "धावू नका! रांगेने उतरा!" ते बिचारे खरंच रांगेने उतरले. त्या दिवशी तिला इतकं बरं वाटलं की घरात जाऊन ती रडली. तेव्हा आपल्याला जे हवं होतं तेच औषध ती आता भावाच्या घशात ओतायला निघाली होती. दोघांचे आईबाप एक, पण स्वभाव निराळे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि आजोबा? ते गच्चीत होते. सकाळी साडेआठला वर गेले की बारापर्यंत खाली उतरायचे नाहीत. गच्चीवरून चार छपरांपलीकडे केंद्राचं अंगण दिसायचं. त्यांच्या जागी आता आपोआप मोजणारा एक खांब उभा केला होता, त्यावर फिरणाऱ्या वाट्या आणि एक काचेचा डोळा. त्यांना त्या खांबाचा राग नव्हता. "काम चोख करायचा," ते मला पुढे म्हणाले. "फक्त तो कधी मान वर करायचा नाही." ढग तर रोजच्यासारखेच येत होते, मऊ, उगाचच, कुणाच्या वहीत जायचंय म्हणून नव्हे. आजोबा खुर्चीत पाठ टेकून त्यांचे आठ भाग करायचे. मग तो आकडा कुठे ठेवावा ते त्यांना कळायचं नाही. तेवढ्यात डोळा लागायचा, स्वप्नात ते अंगणात उभे असायचे आणि हातात पेन्सिल नसायची.

खाली घरात त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आपल्याच घरात! चमचे कुठल्या खणात असतात ते त्यांना माहीत नव्हतं. काडेपेटी शोधायला गेले की मागून आजीचा आवाज यायचा, "काय हवंय?" दुकानाच्या दारात उभे राहिले की, "काय हवंय?" आजीच्या मनात काही नसायचं, दिवसभर गिऱ्हाइकांना तेच विचारून तोंडात बसलं होतं. पण आजोबांना दर वेळी वाटायचं, आपण पाहुणे आहोत, आणि जरा जास्तच दिवस राहिलो.

जुन्या साहेबांचं पत्र आलं तेव्हा ते म्हणूनच एवढे सुखावले. खूप उंचावरच्या एका खिंडीत जुनं केंद्र होतं. तिथे यंत्र थंडीने गोठून बंद पडायचं. मान वर करणारा माणूस हवा होता. दोन वर्षांसाठी. मंगळवारी गाडी निघणार, सोमवारी फॉर्मवर सही करून द्यायची. आजोबांनी तो फॉर्म चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता. डॉक्टरी तपासणी झाली होती. तिथे त्यांना कुणी नेलं होतं, ते सांगायला नकोच. कपाळावर हात मारून घ्या, मामानेच.

जेवायला सगळे एक वाजता बसले. खिडकीतून ऊन येत होतं, पडदा फुगत होता, बसत होता. आजोबांनी रीतीप्रमाणे सुरुवात बहिणीपासून केली.

"तुझे किती, ताई?"

"शून्य! निरभ्र! आणि जेवण झालं की तुझं आकाशही मी साफ करणार आहे."

"तुझे?"

"पाच," आई म्हणाली. "बाळ लाथा मारतंय." ही माझी साक्ष, हवी तर घ्या.

"तुझे?"

"...चार," मामा ताटाकडे बघून पुटपुटला.

आजोबा आजीकडे वळले. पण आजी खुर्चीत नव्हतीच. ती जिन्यावरून वर येत होती, दोन्ही हातांवर काहीतरी आडवं धरून. गाल लाल झाले होते.

"माझे शून्य," ती म्हणाली. "पावतीवर सोमवार होता, पण म्हटलं, सगळे आहेत तर आजच द्यावं." तिने मोठा कोट आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग दुसरा स्वतःच्या अंगात चढवला, त्या टळटळीत दुपारी, कानापर्यंत कॉलर वर केली आणि सगळ्यांसमोर एक गिरकी घेतली. "काय? कशी दिसते? आता तरी सांगा, कुठे नेताय मला?"

आत्याआजीने टाळ्या वाजवल्या. आई "आई गं! कुठे चाललात तुम्ही?" म्हणून उठायला लागली. फक्त मामाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि आजोबांनी दुसऱ्या कोटाकडे असं पाहिलं की आजीचा हात कॉलरवरच राहिला.

"अगं," आजोबा म्हणाले. मग खिशातून तो चार घड्यांचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "खिंडीतलं केंद्र आहे. दोन वर्षं. परवा निघायचं."

"बरं मग?" आजी म्हणाली. अजून तिच्या आवाजात हसू शिल्लक होतं.

"तिथे एकाचीच सोय आहे. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची."

पडदा फुगला आणि बसला. आजीने एकेक बटण सोडवत कोट काढला, चार बटणं, घडी घातली, घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. "भात निवतोय, वाढून घ्या," असं म्हणून ती जिना उतरून खाली गेली. दुकानाचं दार लावल्याचा आवाज आला.

मग जो काय गोंधळ उडाला! आई ओरडली, "बाबा, तुम्ही असं कसं करू शकता? दोन महिन्यांत बाळ येतंय!"

"तुला दवाखान्यात माणूस हवाय, तो मिळेल कुणीही," आजोबा शांतपणे म्हणाले.

"मला माणूस नकोय, बाबा हवाय!" आई म्हणाली आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. मग ती मामावर उलटली. "आणि तुला माहीत होतं! माहीत होतं ना? मूग गिळून बसलास!"

"त्यांनी शपथ घातली होती," मामा म्हणाला. "आणि खरं सांगू ताई? तपासणीला जाताना बसमध्ये ते माझ्या मागच्या सीटवर बसले होते. आरशात दिसत होते. बावीस दिवसांत पहिल्यांदा बरे दिसत होते. मी काय करायला हवं होतं? बस उलटी वळवायची?"

आता सगळ्यांना वाटलं आत्याआजी भावाला फाडून खाणार. पण तिने काय केलं, तर आपलं रंगीत वेळापत्रक गोळा केलं आणि त्याने आईला वारा घालू लागली. "रडू नको गं, बाळाला त्रास होतो," ती म्हणाली. आणि भावाला, अगदी हळू आवाजात, कधी नव्हे ते: "जायचं तर जा. मी तुला अडवणार नाही. पण एक मला सांग, पळतोयस का?"

आजोबा उठले. आपला कोट हातात घेतला आणि जिना उतरले.

आजी मशीनसमोरच्या स्टुलावर पाठमोरी बसली होती. आजोबा काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला, उभे राहिले. चाहूल लागली तशी आजीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय हवंय?"

"हेच," आजोबा म्हणाले. "बावीस दिवस तू मला हेच विचारतेस. म्हणून पावती लिहून दिली."

आजी वळली. ती रडली नव्हती, पण नाक लाल होतं.

"मला वाटलं, वाफ," ती म्हणाली.

"कसली वाफ?"

"तोंडातून येणारी. पहिल्या वर्षी म्हटलं होतं मी. तुम्ही म्हणालात, रिटायर झाल्यावर."

आजोबांनी खूप वेळ विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं, अडतीस वर्षं दिसेल तेच लिहायची सवय. "मी विसरलो," ते म्हणाले.

"ते मला माहीत होतं. पण पावती बघून वाटलं, तुम्हाला आठवलं. मला फार वाईट वाटलं हो. वर सगळ्यांसमोर नाचले मी."

"छान दिसत होतीस."

"गप्प बसा."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. मग आजोबांनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवत, कापडाशीच बोलावं तसं, सांगायला सुरुवात केली. की हे घर त्यांच्याशिवाय किती छान चालतं. की सकाळी ते निघाले की सगळे झोपलेले असायचे आणि ते आले की सगळे कामात. की चमचे कुठे असतात ते त्यांना बावीस दिवसांत समजलं नाही, आणि विचारायची लाज वाटते. की तिथे खिंडीत निदान कुणाला तरी ठाऊक असेल की साडेआठला हा माणूस अंगणात उभा असणार. लग्नानंतर एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

आजी ऐकत होती. ऐकता ऐकता एक गोष्ट तिच्या एकदम ध्यानात आली, आणि अडतीस वर्षांत ती घरातल्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. दर जेवणाला हा माणूस सगळ्यांना विचारत आला होता. त्याला कुणीही, एकदाही, उलट विचारलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "तुमचे किती?"

आजोबा थांबले. त्यांना जणू प्रश्नच कळला नाही. मग त्यांचा ओठ हलला.

"नऊ," ते म्हणाले.

आजीने आठाची तयारी ठेवली होती. आठ तिने मुलांचे पाहिले होते, स्वतःचे पाहिले होते. नऊ या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. ती स्टुलावरून उठली. काउंटरची आडवी फळी तिने वर उचलली, गिऱ्हाइकांसाठी ती कधीच उचलायची नाही, आणि म्हणाली, "आत या."

आजोबा आत आले. तिने कापडाचे गठ्ठे हलवून त्यांना बसायला जागा केली.

"नऊ लागलं की तुम्ही केंद्रात काय करायचात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"जागा सोडायची नाही. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन वर बघायचं. दिसेपर्यंत."

"मग जागा सोडायची नाही," आजी म्हणाली. "मी दर अर्ध्या तासाने विचारीन."

तेव्हा अडीच वाजले होते. आजीने त्यांच्यापुढे बटणांचा डबा ओतला, "मोठी इकडे, लहान तिकडे." आजोबा बटणं निवडायला बसले. मशीनची टकटक सुरू झाली. ऊन कात्रीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. तीन वाजता आजीने मशीन थांबवून विचारलं, "किती?"

"नऊ."

"बरं." टकटक पुन्हा सुरू.

वर आत्याआजी, आई आणि मामा, तिघंही आता जिन्यावर येऊन बसली होती, एकाखाली एक. दाराची फट बारीक होती. तिथेच बसून आत्याआजीने ती कपाटवाल्यांची गोष्ट सांगितली. आई रडता रडता हसली, मामाने आत्याचा हात धरून ठेवला.

साडेतीनला पुन्हा नऊ. त्यानंतर आजी म्हणाली, "चमचे खिडकीखालच्या खणात असतात. डावीकडच्या. काडेपेटी त्याच्यावर."

"डावीकडच्या," आजोबा म्हणाले, लिहून घ्यावं तसे.

"आणि मी 'काय हवंय' म्हटलं की मनावर घेऊ नका. सांगा, काही नको, तुलाच बघायला आलोय."

आजोबांचे कान लाल झाले. जिन्यावर मामाने तोंडात रुमाल कोंबला.

चारला तिने विचारलं तेव्हा आजोबा हातातलं बटण उन्हात धरून बघत राहिले, आणि मग म्हणाले, "नऊ. पण पातळ." आजीने फक्त मान हलवली. घाई केली नाही. धुकं कुणी ओरडल्याने उठत नाही, हे निरीक्षकाच्या बायकोला सांगावं लागत नाही.

साडेचार झाले. टकटक थांबली. "किती?"

आजोबांनी मान वर केली. वर छत होतं, पंखा होता, एक जळमट होतं. त्यांनी मान खाली आणली आणि आजीकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरलेला, ओठांत टाचणी, केसांत दोऱ्याचा तुकडा. पुष्कळ वेळ पाहिलं, आठ भाग करून पाहावं तसं.

"आठ," ते म्हणाले.

"म्हणजे वाईटच ना?" जिन्यावर मामा कुजबुजला.

"गप रे गाढवा," आई म्हणाली आणि तिला पुन्हा हुंदका आला. "आठ म्हणजे दिसतंय!"

आजोबांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं, आपली पावती शोधली. "कोट, एक" यातला "एक" त्यांनी एका सरळ रेघेने खोडला आणि वर "दोन" लिहिलं. "साहेबांना उद्या कळवतो, जमायचं नाही म्हणून," ते म्हणाले. "दुसरं कुठलं गाव बघू. जिथे दोन खुर्च्या आहेत."

"सोमवारचं काय? तारीख बदलायला लागेल," आजी म्हणाली. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी तिच्या दुकानात कधी झाली नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातातली पेन्सिल घेऊन पावतीवर स्वतः लिहिलं.

ती पावती आता माझ्याकडे आहे. "सोमवारपर्यंत" वर रेघ आहे, आणि पुढे आजीच्या तिरक्या अक्षरात, "बाळ झाल्यावर." मग मी काय त्यांना ताटकळत ठेवणार? पंधरा दिवस आधीच आले.